अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करताना स्वतःला कसे सांभाळावे : ख्रिस्ती कुटुंबांसाठी क्रमवार मार्गदर्शन

घरात अर्धांगवायू झालेले वडील असोत, स्मृतिभ्रंश झालेली आई असो किंवा कर्करोगाने अंथरूण धरलेले यजमान असोत, त्यांची सेवा करणाऱ्याला सगळे सांगतात, ‘स्वतःकडेही लक्ष दे.’ ते कसे द्यायचे आणि आधी काय करायचे, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे आपली माणसे बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतात. थकवा वाढला की पहाटे आणखी लवकर उठून प्रार्थनेला बसतात, शुक्रवारचा उपास धरतात, राहून गेलेली बायबलची पाने भरून काढायचा नेम करतात. त्याने मोडलेली झोप आणखी मोडते, चिडचिड वाढते आणि मग ‘माझाच विश्वास कमी पडतोय’ असे वाटू लागते.

पवित्र शास्त्रातला क्रम वेगळा आहे. १ राजे १९ उघडा. खचलेला एलीया झुडपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला आधी भाकर आणि पाणी देतो. तो खातो, पुन्हा झोपतो, पुन्हा त्याला उठवून खायला घातले जाते. होरेबचा प्रवास आणि देवाशी बोलणे त्यानंतर येते. हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे : झोप, शरीर, कामाची वाटणी, आणि मग प्रार्थना व उपासना. एका आठवड्यात एकच टप्पा घ्या. सगळे टप्पे एकदम सुरू केले की चौथ्या दिवशी सगळेच सुटतात.

## तयारी : सात दिवसांची वही

एक साधी वही घ्या. पहिले सात दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहा.

डाव्या पानावर स्वतःची नोंद ठेवा. झोपलात कधी, उठलात कधी, मध्ये किती वेळा उठावे लागले आणि कशासाठी : कूस बदलायला, लघवीला, खोकल्यामुळे, हाक आली म्हणून, की नुसती काळजीने जाग आली. जेवण बसून झाले, उभ्याने झाले की राहिले. कंबर, खांदा, मनगट दुखले का. आवाज चढला असेल तर त्या वेळी किती वाजले होते.

उजव्या पानावर कामे लिहा, छोटीसुद्धा. डायपर बदलणे, अंग पुसणे, औषधे, भरवणे, चादरी धुणे, दवाखान्याची फाइल, मेडिकलची फेरी, बँक, पाहुण्यांचा चहा. तिसऱ्या टप्प्यात हीच यादी लागणार आहे, म्हणून आळस करू नका.

प्रार्थना किती केली याचा रकाना या वहीत नको. तो रकाना ठेवला की वहीची झडती होते आणि तिसऱ्या दिवशी लिहिणे बंद पडते.

थांबून तपासा : सातव्या दिवशी तीन गोष्टी मोजा. सलग झोप सर्वांत जास्त किती मिळाली? ती चार तासांहून कमी असलेल्या रात्री किती? आवाज कोणत्या वेळी चढतो? ही शेवटची वेळ बहुधा लांबलेल्या जेवणाआधीची किंवा मोडलेल्या रात्रीनंतरच्या सकाळची निघते. तसे असेल तर आधी पोट आणि झोप यांची सोय करायला हवी, स्वभावाला दोष नंतर द्या.

## टप्पा १ : सलग झोपेचा एक तुकडा मिळवा

प्रौढ माणसाला रात्री साधारण सात तास झोप हवी. सेवा करणाऱ्याला ती सलग मिळणे अवघड असते, म्हणून पहिले लक्ष्य लहान ठेवा : रोज रात्री निदान साडेचार-पाच तासांचा एक न मोडणारा तुकडा. उरलेली झोप दुपारी किंवा पहाटे भरून काढता येते. दर दीड-दोन तासांनी मोडलेल्या आठ तासांपेक्षा हा तुकडा जास्त विश्रांती देतो.

पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या.

१. जाग येण्याची कारणे कमी करा. डॉक्टरांना चार प्रश्न लिहून न्या. लघवी वाढवणारी गोळी सकाळी देता येईल का? संध्याकाळनंतर पाणी किती कमी केले तर चालेल? रात्रीसाठी जास्त शोषणारा डायपर किंवा युरिन पॉट यांपैकी काय योग्य? दुखण्याचे औषध मध्यरात्री उतरते आहे का? गोळीची वेळ स्वतःच्या मनाने बदलू नका.

२. कूस बदलण्याचे रात्रीचे वेळापत्रक विचारून घ्या. हलता न येणाऱ्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायला सांगतात. पण गादी चांगली असेल आणि त्वचा शाबूत असेल, तर रात्रीचे अंतर वाढवता येईल का, हे डॉक्टर किंवा परिचारिका रुग्ण पाहून सांगू शकतात. एअर बेड (हवा भरलेली गादी) आणला म्हणजे कूस बदलायची गरज संपली, हा मोठा गैरसमज आहे. एअर बेडवरही जखमा होतात.

३. रात्रीचे दोन भाग करा. एकाकडे दहा ते तीन, दुसऱ्याकडे तीन ते आठ. दुसरा माणूस रोज मिळत नसेल तर आठवड्यातून दोन रात्री तरी ठरवा आणि कॅलेंडरवर नावासकट लिहा. ‘कधी गरज पडली तर उठव’ या बोलीवर कोणी उठत नाही, कारण तुम्ही उठवतच नाही.

४. पाळी नसलेल्याने दुसऱ्या खोलीत, दार लोटून झोपायचे. त्याच खोलीत खाली चटई टाकली की प्रत्येक खोकल्याला जाग येते आणि पाळी असूनही दोघे जागे राहतात. खोली एकच असेल तर शेजारी किंवा मंडळीतल्या जवळच्या घरी आठवड्यातून एक रात्र झोपायची सोय मागा. हे मागायला संकोच वाटतो, पण मिळते.

सावध : रुग्णाची झोपेची गोळी स्वतः घेऊ नका. झोपेसाठी खोकल्याचे औषध किंवा दारू तर नाहीच.

झोपायला जाताना ‘मी झोपलो आणि काही झाले तर?’ हा विचार बहुतेकांना छळतो. स्तोत्र १२१ नेमके इथे कामाला येते. राखणारा झोप घेत नाही आणि डुलकीही घेत नाही, असे ते स्तोत्र सांगते. जागे राहण्याचे हे काम देवाने स्वतःकडे ठेवले आहे, तुमच्याकडे दिलेले नाही. पाळीवरच्या माणसाला हाक मारायची घंटी रुग्णाच्या हाताशी आहे ना, एवढे पाहा आणि झोपा.

थांबून तपासा : आठवड्याअखेरीस असा तुकडा निदान चार रात्री मिळाला का? नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. हाच टप्पा आणखी एक आठवडा चालवा.

## टप्पा २ : कंबर, पोट आणि स्वतःची औषधे

कंबर गेली की सेवा थांबते, आणि ती बहुतेक वेळा उचलताना जाते. नियम एकच : उचलायचे नाही, सरकवायचे.

सिंगल चादरीची लांबीत एक आणि आडवी एक घडी घाला. ती रुग्णाच्या खांद्यापासून मांड्यांच्या वरच्या भागापर्यंत अंगाखाली आडवी राहू द्या. वर सरकवताना दोन बाजूंना दोघे उभे राहा. चादरीच्या कडा रुग्णाच्या अंगाजवळ घट्ट गुंडाळून धरा, पाय खांद्याइतके फाकवा, गुडघे थोडे वाकवा, पाठ सरळ ठेवा. ‘एक, दोन, तीन’ म्हणून एकाच वेळी सरकवा. रुग्णाला शक्य असेल तर हनुवटी छातीकडे घ्यायला सांगा. काखेत हात घालून ओढू नका. अर्धांगवायू झालेल्याचा लुळा हात तर कधीच ओढू नका, खांदा निखळतो.

पलंग बुटका असला की दर वेळी कंबरेतून वाकावे लागते. अंग पुसणे, डायपर बदलणे या कामांसाठी पलंग तुमच्या कमरेच्या जवळपास उंचीचा हवा. उंची कमी-जास्त होणारा हॉस्पिटल बेड भाड्यानेही मिळतो. पलंगाखाली विटा लावू नका, त्या निसटतात. रुग्ण स्वतः उठण्याची शक्यता असेल तर काम झाल्यावर पलंग पुन्हा खाली घ्या.

जेवणाबद्दल थोडक्यात. रुग्णाला भरवून झाल्यावर जेवायचे, ही घरोघरची रीत आहे आणि तीच पोट बिघडवते, कारण भरवायला पाऊण तास लागतो आणि मग भूक मरते. आधी तुम्ही दहा मिनिटे बसून खा, मग भरवायला घ्या. सकाळचा नाश्ता चहा-बिस्किटावर भागवू नका. अंडे, मुगाचे धिरडे किंवा रात्रीची भाकरी-उसळ चालेल. पाण्याची बाटली स्वतःसाठी वेगळी ठेवा.

रुग्णाच्या औषधांचा डबा भरताना त्याच वेळी स्वतःचाही भरा. रक्तदाब, थायरॉइड, मधुमेह यांच्या गोळ्या चुकण्याचे प्रमाण सेवा करणाऱ्यांत मोठे असते. घरी बीपीचे यंत्र असेल तर आठवड्यातून एकदा स्वतःचा दाब मोजा. तो पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

‘औषध घेणे म्हणजे विश्वास कमी’ असे मनात असेल तर १ तीमथ्य ५:२३ वाचा. तीमथ्याच्या वारंवार होणाऱ्या दुखण्यावर पौल त्याला पोटासाठी काय घ्यायचे ते सांगतो. त्यासाठी तो त्याची खरडपट्टी काढत नाही.

सावध : ‘फक्त प्रार्थना करू, गोळ्या बंद करा’ असा सल्ला देणारे प्रत्येक गावात भेटतात. फिट्सची, मधुमेहाची, हृदयाची औषधे अचानक बंद केली तर जीव जाऊ शकतो. प्रार्थना त्यांच्याकडून जरूर करून घ्या, औषधाचा निर्णय डॉक्टरांकडेच ठेवा. कोणी प्रार्थनेचे तेल आणले तर ते कपाळाला लावा. गिळायला त्रास असलेल्या रुग्णाच्या तोंडात घालू नका आणि जखमेवरही चोळू नका.

## टप्पा ३ : काम वाटून द्या

सर्वांत जास्त लोक याच टप्प्यावर अडकतात. अडण्याची दोन कारणे असतात, एक मनातले आणि एक व्यवहारातले.

मनातले कारण असे : ‘हा माझा क्रूस आहे, तो मीच वाहायचा.’ आपल्या मंडळ्यांत हे वाक्य फार बोलले जाते आणि थकलेल्या सुनेला ते फार जड पडते. पण प्रभूचा क्रूससुद्धा वाटेत कुरेनेकर शिमोनाच्या खांद्यावर दिला गेला (लूक २३:२६). त्याच क्रूसावरून येशूने आपल्या आईची काळजी एका शिष्याकडे सोपवली (योहान १९:२६-२७). चांगल्या शमरोन्याच्या गोष्टीचा शेवटही नीट वाचा. तो जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, एक रात्र सांभाळतो, दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दीनार देतो, ‘याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन’ असे सांगतो आणि आपल्या कामाला जातो (लूक १०:३५). त्याला आजवर कोणी निष्काळजी म्हटलेले नाही. आईवडिलांसाठी ब्युरोची (रुग्णसेवेला पगारी माणसे पुरवणाऱ्या संस्थेची) बाई ठेवणे किंवा काही दिवस त्यांना निगा केंद्रात ठेवणे याला ‘टाकून देणे’ म्हणणाऱ्यांनी हे वचन पाहावे.

व्यवहारातले कारण असे की मदत मागण्याची पद्धत चुकते. ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ असे म्हटले की सगळे प्रार्थना करतात आणि घरी कोणी येत नाही. दोष त्यांचा नाही. काय करायचे, कधी, किती वेळ, हे त्यांना कळलेलेच नसते.

३.१ यादीचे तीन भाग करा. वहीच्या उजव्या पानावरच्या प्रत्येक कामापुढे खूण करा.

पहिला भाग : रुग्णाला हात लावावा लागत नाही अशी कामे. मेडिकल, बँक, चादरी धुणे, रविवारचा एक डबा, शेजारी बसून वचन वाचणे. ही कामे कोणीही करू शकते, तरुण संघातली मुलेसुद्धा.

दुसरा भाग : शिकवल्यावर जमणारी कामे. भरवणे, कूस बदलायला हात देणे, व्हीलचेअर.

तिसरा भाग : तुम्हीच किंवा प्रशिक्षित माणसानेच करायची कामे. इन्सुलिन, नाकातल्या नळीतून अन्न देणे, जखमेची पट्टी, कॅथेटर (लघवीची नळी).

आधी फक्त पहिला भाग वाटा. बहुतेक जण तिसऱ्या भागातली कामे आठवून ‘कोणाला जमणार नाही’ म्हणतात आणि पहिला भागही स्वतःकडेच ठेवतात.

३.२ एका पानाची सूचना लिहा आणि रुग्णाच्या उशाशी भिंतीवर लावा. त्यात एवढे हवे : औषधांची वेळ आणि नावे. कशाची ॲलर्जी आहे. जेवण पातळ की घट्ट, आणि भरवताना व त्यानंतर निदान अर्धा तास बसते ठेवायचे ही सूचना. कोणती बाजू दुखते. शेवटची कूस कधी बदलली ते लिहायला जागा. त्वचेवर लाल डाग दिसला आणि बोटाने दाबूनही फिका पडला नाही तर त्या बाजूवर झोपवायचे नाही, चोळायचे नाही, लगेच कळवायचे. रुग्ण घाबरला तर काय केल्याने शांत होतो : गाणे, हात धरणे, की खिडकी उघडणे. खाली तुमचा, डॉक्टरांचा आणि रुग्णवाहिकेचा (१०८) क्रमांक मोठ्या अक्षरात.

३.३ नेमके मागा. पाळकसाहेबांना, महिला मंडळाच्या अध्यक्षांना किंवा धर्मग्रामातल्या फादरांना सांगताना वाक्य असे असू द्या : ‘पाळकसाहेब, दर बुधवारी दुपारी ४ ते ६ कोणी घरी बसायला मिळेल का? औषध द्यायचे नाही. पाणी मागितले तर द्यायचे आणि हाक मारली तर बोलायचे. सध्या चार बुधवार हवे आहेत.’ दिवस, वेळ, काम आणि मुदत हे चार शब्द त्यात आले पाहिजेत. मुदत नसेल तर माणूस घाबरतो.

पाळकांवर हे ओझे नको असे वाटत असेल तर प्रेषितांची कृत्ये ६ पाहा. वाढप्याचे काम अंगावर येऊ लागले तेव्हा प्रेषितांनी सात माणसे नेमली. पाळकांनी स्वतः यायचे नसते, माणसे नेमायची असतात. हे त्यांना आदराने सुचवायला हरकत नाही.

३.४ भावंडांत वाटा. दूर असलेल्याला हाताचे काम देता येत नाही म्हणून तो मोकळा सुटतो. आखातात किंवा पुण्या-मुंबईत असलेल्या भावाला ठरावीक काम द्या : ‘दादा, डायपर आणि औषधे तू ऑनलाइन मागवायची, रक्ततपासणीला घरी माणूस तू बोलवायचा, आणि रोज रात्री आठ वाजता आईशी व्हिडिओवर वीस मिनिटे बोलायचे.’ त्या वीस मिनिटांत तुमची आंघोळ आणि जेवण होते. पैशाचे बोलणे महिन्यातून एकदा, हिशेब लिहून, सगळ्यांसमोर करा. रोज थोडे थोडे कुरकुरत केले की नाती बिघडतात.

३.५ पहिले दोन वेळा घरातच थांबा. नवा माणूस आला की पहिल्या दोन खेपांना तुम्ही दुसऱ्या खोलीत राहा, तिसऱ्या खेपेला बाहेर पडा. पहिल्याच दिवशी बाहेर गेलात तर रुग्ण घाबरतो, येणाराही घाबरतो आणि पुन्हा येत नाही.

३.६ मिळालेले दोन तास कशात घालवायचे? पहिल्या महिन्यात फक्त झोप, चालणे किंवा जिवाभावाच्या माणसाशी गप्पा. बँकेचे काम या वेळेत बसवू नका, ते पहिल्या भागात आहे आणि दुसऱ्याला द्यायचे आहे. दोन तासांत कपाट आवरून ठेवणारे बरेच असतात, आणि त्या संध्याकाळी ते सकाळपेक्षा जास्त थकलेले असतात.

पगारी माणूस ठेवलात तर ब्युरोकडे पोलीस पडताळणी झाली आहे का, सुटीच्या दिवशी बदली मिळेल का, जेवण कोणाचे आणि कोणती कामे ती करणार नाही, हे आधीच लिहून घ्या. तिला आठवड्याची सुटी द्या. शब्बाथाच्या आज्ञेत दास-दासींचाही विसावा आहे (निर्गम २०:१०). घरच्यांचा थकवा तिच्यावर ढकलून भागवणे त्या आज्ञेत बसत नाही.

शेवटच्या अवस्थेतल्या कर्करोगात तर एकट्याने ओढूच नका. वांद्र्याचे आणि गोव्यातले शांती अवेदना सदन, पुण्यात वारजे येथील सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणारी निगा) केंद्र अशा ठिकाणी रुग्णाची विनामूल्य निगा राखली जाते आणि कुटुंबालाही आधार मिळतो. जवळच्या मोठ्या रुग्णालयात ‘पॅलिएटिव्ह केअर विभाग आहे का?’ असा थेट प्रश्न विचारा.

सावध, भेटीला येणाऱ्यांबद्दल : दहा जणांची प्रार्थनामंडळी अचानक येते, तासभर बसते, दहा कप चहा होतो. हेतू चांगला असतो, भार तुमच्यावर पडतो. वेळ ठरवा आणि पाळकांकडून उपासनेत जाहीर करवून घ्या : संध्याकाळी ५ ते ६, एका वेळी तीन माणसे, वीस मिनिटे, चहा नाही, सर्दी-खोकला असेल तर येऊ नये. घरच्याने सांगितले तर राग येतो, वेदीवरून सांगितले तर येत नाही.

प्रार्थनेसाठी विषय देताना काय सांगायचे आणि काय नाही, हे रुग्णाला विचारून ठरवा. डायपर, जखम, पैशाची तंगी, घरातली भांडणे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाऊ देऊ नका. ‘बाबांना रात्री शांत झोप लागावी आणि आम्हाला बळ मिळावे’ एवढा विषय पुरतो. खोलातले एका-दोघांनाच सांगा.

## टप्पा ४ : प्रार्थना लहान करा, मोडू नका

झोप आणि मदत थोडी रुळली की मग प्रार्थनेकडे या. पूर्वीसारखा पहाटेचा तास परत मिळवायचा प्रयत्न करू नका. आताच्या दिवसात बसेल अशी बांधणी करा.

कामाला चिकटवलेल्या तीन छोट्या प्रार्थना पुरेशा आहेत. सकाळी हात धुताना एक वाक्य : ‘प्रभू, आजच्यापुरते बळ दे.’ दुपारी औषध देऊन झाले की प्रभूची प्रार्थना, शक्य असेल तर रुग्णासोबत मोठ्याने. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला नातवंडांची नावे आठवत नसली तरी पाठ असलेली प्रार्थना किंवा लहानपणचे गीत बऱ्याचदा ओठावर येते. रात्री पाळी बदलताना दुसऱ्यासाठी एक वाक्य. कॅथलिक घरांत जपमाळेचे पाच दशक एका बैठकीत होत नसतील तर दिवसभरात एकेक दशक म्हणा.

वाचनासाठी आठवडाभर एकच स्तोत्र घ्या. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पलंगाशेजारी लावा. थकलेल्या डोक्याला रोज नवा अध्याय झेपत नाही. कोणते घ्यावे? रात्र जड जात असेल तर ४ किंवा १२१. ‘किती वेळ, प्रभू?’ असे वाटत असेल तर १३. आणि सगळेच काळोखे वाटत असेल तर ८८, ज्याचा शेवटही काळोखातच होतो. ते स्तोत्र पवित्र शास्त्रात आहे याचा अर्थ तुमची तक्रार देवासमोर मांडायची मुभा आहे. त्याला लगेच उपकारस्तुतीची जोड द्यायची सक्ती नाही.

शब्दच सुचत नसतील तर गप्प बसा. रोम ८:२६ मध्ये शब्दांपलीकडच्या उसाशांनी आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो असे म्हटले आहे.

सावध, उपासाबद्दल : रात्री जागून दिवसा रुग्णाला सरकवणाऱ्याने पूर्ण उपास धरू नये. चक्कर येऊन पडलात तर दोघेही जखमी होता. उपासकाळात दुसरे काही सोडा. कॅथलिक नियमानुसार राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवारचा उपास १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठावे वर्ष सुरू होईपर्यंतच्यांना लागू आहे. तुमच्या परिस्थितीत सूट हवी असेल तर फादरांना विचारा, ते देतात. मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांनाही विचारा.

थांबून तपासा : प्रार्थना झाल्यावर हलके वाटते की आणखी एक काम उरकल्यासारखे वाटते? दुसरे असेल तर आणखी लहान करा.

## टप्पा ५ : रविवार आणि प्रभुभोजन

महिनोन्महिने उपासनेला न जाणारा सेवेकरी हळूहळू मंडळीच्या नजरेतून सुटतो, आणि मदतीचा झराही आटतो. म्हणून महिन्यातून निदान दोन रविवार तरी कोणाला घरी बसवून स्वतः जा. उरलेल्या रविवारी ऑनलाइन उपासना रुग्णाबरोबर पाहा. भरवताना पाहू नका, रुग्णाला ठसका लागतो.

कॅथलिक बांधवांना मिस्सा चुकल्याचे पाप मनात डाचते. आजारपण किंवा तान्ह्या मुलाची देखभाल अशी गंभीर कारणे रविवारच्या बंधनातून मोकळीक देतात, असे धर्मशिकवण सांगते. आजाऱ्याला सोडून निघता येत नसेल तर तुमचे कारणही गंभीरच आहे. तरी एकदा फादरांशी बोलून मन मोकळे करा. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते : कम्युनियनपूर्वीचा एक तासाचा उपास वृद्ध, आजारी आणि त्यांची काळजी घेणारे यांना बंधनकारक नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतल्या (कॅथलिक चर्चच्या कायद्यातल्या) ९१९ व्या कलमात तसे स्पष्ट आहे. आजाऱ्यांचा अभ्यंगही (फादरांनी तेल लावून करायचा संस्कार) अगदी शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवायचा नसतो. गंभीर आजारात वेळेवर बोलवा.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळक घरी येऊन प्रभुभोजन देतात. त्या वेळी तुम्हीही घ्या. पलंग सावरत, पाणी आणत उभे राहू नका. खुर्ची आधीच मांडून ठेवा आणि बसा. गिळायला त्रास असलेल्या रुग्णाला भाकरीचा अगदी छोटा कण भिजवून द्यायला पाळकांना आधीच सांगा, आणि तो गिळला गेला ना ते पाहा.

## टप्पा ६ : राग, अपराधभाव आणि धोक्याच्या खुणा

‘हे लवकर संपावे’ असा विचार जवळजवळ प्रत्येक सेवा करणाऱ्याच्या मनात कधीतरी येतो आणि मग स्वतःची घृणा वाटते. तो विचार सहसा थकव्याचा असतो. तो कोणालातरी मोठ्याने सांगा : पाळकांना, फादरांना कबुलीच्या वेळी, किंवा सेवा केलेल्या मैत्रिणीला. आतच ठेवला की तो कुजतो.

हात उगारला जाईल असे वाटले तर क्रम पाठ ठेवा. रुग्ण पलंगावर सुरक्षित आहे, कठडा वर आहे, तोंडात घास नाही, हे पाहा. खोलीबाहेर या. पाच मिनिटे थांबा, पाणी प्या. ठरवलेल्या माणसाला फोन करा. माणूस आधीच ठरवलेला हवा, त्या क्षणी कोणी सुचत नाही.

पुढील खुणा दोन आठवडे टिकल्या तर डॉक्टरांकडे जा : सतत उदास वाटणे, कशातच रस न वाटणे, संधी असूनही झोप न लागणे, वजन उतरणे, विनाकारण रडू येणे. हे नैराश्य असू शकते आणि त्याला उपचार आहेत. पाळकांचे समुपदेशन त्याच्या जोडीला चालू ठेवा, त्याच्या जागी नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. ज्येष्ठांसंबंधी माहिती व मदतीसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे.

सावध : जीव द्यावासा वाटणे, रुग्णाला संपवावेसे वाटणे किंवा हात उगारला जाणे यापैकी काहीही घडले तर दोन आठवड्यांची वाट पाहू नका. त्याच क्षणी घरातल्या दुसऱ्या माणसाला बोलवा, रुग्णाला त्याच्या हवाली करा आणि ११२ किंवा १४४१६ ला फोन करा.

‘कोणाच्या पापामुळे हे झाले?’ असे कोणी तुमच्या दारात विचारले तर योहान ९:३ मधले प्रभूचे उत्तर द्या (‘यानेही पाप केले नाही आणि याच्या आईबापांनीही नाही’) आणि विषय तिथेच थांबवा.

## टप्पा ७ : तुम्हीच आजारी पडलात तर

ही तयारी बहुतेक घरांत नसते, आणि साध्या तापानेही घर कोलमडते. आजच बसून चार गोष्टी लिहून भिंतीवरच्या पानामागे चिकटवा.

पहिले, तुमच्या जागी पहिल्या २४ तासांत कोण येईल त्याचे नाव, आणि तो नसेल तर दुसरे नाव. दोघांनाही सांगितलेले हवे.

दुसरे, सात दिवस पुरतील एवढी औषधे, डायपर, हातमोजे आणि पातळ अन्नाची पावडर एका पिशवीत. ती दर महिन्याला तपासा, औषधांची मुदत पाहा.

तिसरे, रुग्णाची फाइल, आधार कार्ड, विम्याची किंवा आरोग्य योजनेची कागदपत्रे एका जागी. घराच्या किल्लीची एक प्रत विश्वासू शेजाऱ्याकडे.

चौथे, अल्पकाळ रुग्ण ठेवून घेणाऱ्या दोन ठिकाणांची नावे. फोन करून आधीच विचारा : रोजचा खर्च किती, नळी किंवा कॅथेटर असलेला रुग्ण घेतात का, नातेवाइकांना भेटू देतात का, प्रार्थनेला पाळक आले तर चालते का.

दर तीन महिन्यांनी पुन्हा सात दिवस वही लिहा. रुग्णाची अवस्था बदलते, तशी पाळी, माणसे आणि प्रार्थनेची वेळ बदलावी लागते. सलग झोपेचा तुकडा पुन्हा चार तासांखाली गेलेला दिसला तर पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करा.